अर्धा मिलिमीटर चकाकी

जुन्या फायबरच्या बोटीला पुन्हा चमक कशी आणायची, ह्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येतं. धुवायची, घासायची, पॉलिश करायची, वर मेण लावायचं. संपलं. पण माझ्यासारख्याला एवढ्यावर झोप लागत नाही. ती बोट मुळात चकाकत का होती? ती चकाकी गेली कुठे? आणि घासल्यावर ती परत येते म्हणजे नक्की काय परत येतं? गेले तीन वीकेंड मी ह्या तीन प्रश्नांच्या मागे आहे. घरात कोणी ऐकून घ्यायला तयार नाही, त्यामुळे तुम्ही सापडलात :)

आधी थोडं शब्दांविषयी. आपण ज्याला सरसकट 'फायबर' म्हणतो, म्हणजे वॉटर पार्कच्या घसरगुंड्या, मंडळाच्या देखाव्यातले पुतळे, कोकणात हल्ली दिसणाऱ्या होड्या, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची पाती, ही सगळी एकाच गोत्रातली मंडळी. काचेचे धागे आणि ते धरून ठेवणारं रेझिन, एवढाच मामला. धागे ताकद देतात, रेझिन आकार देतं. पण नुसतं हेच ठेवलं तर दिसायला ते गोणपाटावर गोंद ओतल्यासारखं दिसतं. म्हणून बोटीच्या सगळ्यात बाहेर रंगीत रेझिनचा एक थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. झेरॉक्सचे पाच कागद एकावर एक ठेवा, तेवढी. बोटीची सगळी इभ्रत त्या पाच कागदांत.

काचेचे धागे तसे अपघातानेच हाती लागले. १९३२ साली ओहायोत ओवेन्स-इलिनॉय ह्या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेची धार जोरदार झोतात सापडली आणि विटा जोडल्या जाण्याऐवजी बारीक बारीक धागे उडाले. आपल्या प्रोजेक्टमध्ये असं झालं तर आपण बग म्हणून नोंदवतो आणि पुढच्या रिलीजमध्ये काढून टाकतो. त्याचा वरिष्ठ गेम्स स्लेटर मात्र हुशार निघाला. त्याने त्या बगचंच प्रॉडक्ट केलं. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही वेगळी कंपनी उभी राहिली ती ह्याच धाग्यांवर.

दुसरा हिस्सा रेझिनचा. कार्लटन एलिस नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात असंपृक्त पॉलिएस्टरची पेटंटं घेतली. ह्या माणसाच्या नावावर शेकडो पेटंटं आहेत, त्यामुळे हे त्याला किती महत्त्वाचं वाटलं असेल कोण जाणे. खरी किमया ही की त्यात स्टायरीन मिसळलं आणि चिमूटभर पेरॉक्साइड घातलं की पातळ द्रव थोड्या वेळात दगडासारखा घट्ट होतो. भट्टी नको, दाब नको. बंपरचा पोचा काढताना गॅरेजवाला जी पुट्टी भरतो तिचा डोक्यात जाणारा गोडसर वास आठवतोय? तोच हा स्टायरीनचा वास. पुट्टी म्हणजे ह्याच रेझिनचं दूरचं भावंड.

मग महायुद्ध आलं. विमानातल्या रडारवर अशी टोपी हवी होती जी वारा अडवेल पण रेडिओलहरी अडवणार नाही. धातू बाद. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर ह्यांची जोडी तिथे जमली. ओवेन्स-कॉर्निंगच्याच टोलेडो गावात रे ग्रीन नावाचा बोटी बांधणारा राहत होता. त्याने १९४२ मध्ये ह्या नव्या मालाची एक छोटी बोट केली. पहिल्या फायबर बोटीचं श्रेय सहसा त्यालाच देतात. 'पहिला कोण' ह्या वादात मी पडत नाही, त्या वादांना अंत नसतो. युद्ध संपल्यावर माल स्वस्त झाला, हात मोकळे झाले, आणि १९५३ मध्ये शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट गाडीची बॉडीसुद्धा फायबरची काढली. पहिल्या वर्षीच्या तीनशे गाड्या, सगळ्या पांढऱ्या.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि मला ह्या सगळ्यात सर्वात जास्त आवडलेली. आपला अनुभव असा की चमक सगळ्यात शेवटी येते. भिंत, गिलावा, पुट्टी, प्रायमर, मग रंग. पेणच्या कारखान्यातसुद्धा मूर्ती साच्यातून निघते ती कोरी, रंग मागाहून चढतो. फायबरच्या बोटीत हा क्रम बरोब्बर उलटा आहे. आधी लाकडाची वगैरे एक हुबेहूब बोट करतात आणि ती घासून घासून आरशासारखी करतात. तिच्यावरून साचा काढतात. साच्याची आतली बाजू पुन्हा आरसा. त्या आरशाला मेणाचे हात देतात, म्हणजे चिकटणार नाही. मग पहिला थर मारतात तो जेलकोटचा. तो जेलीसारखा झाला, अजून पुरता कडक झालेला नाही (नाव तिथूनच आलं), की त्याच्या पाठीवर काचेचं कापड आणि रेझिन, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. सगळं कडक झालं की साच्यातून उपटून काढायचं. बोट बाहेर येते ती चकाकतच.

म्हणजे बोटीची चमक ही बोटीची नसतेच. ती साच्याची असते, बोटीला वारशाने मिळते. ऑब्जेक्ट ओरिएंटेडवाल्यांनी इथे मनातल्या मनात हसून घ्यावं.

ह्याला एक रासायनिक शेपूटही आहे. पॉलिएस्टरचा हवेशी छत्तीसचा आकडा. हवा लागली की पृष्ठभाग नीट सुकत नाही, चिकट राहतो. साच्याला टेकलेल्या बाजूला हवा पोचतच नाही, त्यामुळे ती बाजू उत्तम कडक होते. म्हणजे कारखान्यात जे फुकटात मिळतं ते नंतर घरच्या अंगणात मिळवायला जाल तर घाम फुटतो. जुन्या बोटीवर वरून नवा जेलकोट लावणाऱ्याला त्यात मेणाचं द्रावण घालावं लागतं किंवा वर फिल्म पसरावी लागते, आणि तरीही तो खडबडीतच सुकतो. मग तासन्‌तास घासा. साच्याची ती एक सेकंदाची माया पुन्हा मिळत नाही.

ही पद्धत प्रयोगशाळेतून बाजारात आणली कोणी, तर नावं बरीच आहेत, पण मी दोन चुलतभावांची गोष्ट सांगतो. क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन. दोघं ऱ्होड आयलंडचे, ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकलेले. गॅरेजमध्ये छोट्या होड्या करून विकायचे. हो, गॅरेज! सिलिकॉन व्हॅलीने गॅरेजचं कौतुक सुरू करायच्या आधीची ही गोष्ट. कार्ल अल्बर्ग ह्या मूळच्या स्वीडिश डिझायनरने काढलेली साडेअठ्ठावीस फुटांची एक शिडाची बोट घेऊन ते जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात गेले. नाव ट्रायटन. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. आत चौघांची झोपायची सोय. प्रदर्शन संपेपर्यंत सतरा बोटींच्या ऑर्डरी हातात. ह्याआधी फायबरच्या मोठ्या शिडाच्या बोटी झाल्या नव्हत्या असं नाही. कॅलिफोर्नियातली चाळीस फुटी बाउंटी टू त्याआधीच पाण्यात होती. पण ट्रायटन मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्यात आली. आपल्याकडे मारुती ८०० ने जे केलं ते.

त्याच वर्षी पिअर्सन बंधूंनी ब्रिस्टॉल गावातला हेरेशॉफ घराण्याचा जुना बोटकारखाना घेतला. बोटींच्या जगात हे नाव म्हणजे किराणा घराणं म्हणा ना. अमेरिकाज कप जिंकणाऱ्या बोटी १८९३ पासून चार दशकं इथेच बांधल्या गेल्या. जिथे सुतार एकेक फळी वाफवून वाकवायचे, तिथे आता बादल्यांतून रेझिन आणि रोल उलगडून काचेचं कापड. १९६१ मध्ये विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने पिअर्सन ताब्यात घेतली. १९६७ पर्यंत सातशेच्या वर ट्रायटन तयार झाल्या.

लोकांनी ह्या बोटी घेतल्या त्याचं कारण चकाकी नव्हतं. कारण होतं कटकट. लाकडी बोट म्हणजे दर वर्षी नवं लग्नकार्य. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, सांध्यांत कापूस ठासतात, तेलाचे हात देतात, नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्र. तिकडे पावसाळ्याऐवजी हिवाळा, बाकी तेच. खरवडा, भरा, रंगवा. फायबरने ह्यातून सोडवण्याचं वचन दिलं. आणि खरंच, पहिली दहा वर्षं ते पाळलंसुद्धा.

मग बोटी पांढुरक्या पडायला लागल्या.

जुन्या बोटीच्या अंगावरून हात फिरवा. तळहाताला खडूसारखी पूड लागते. उन्हातले अतिनील किरण रेझिनच्या लांब साखळ्या तोडतात. साखळ्या तुटल्या की रेझिन झिजून जातं आणि त्याने धरून ठेवलेले रंगाचे कण उघडे पडतात. तीच ती पूड. त्यात पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, जो स्वतःच ऊन लागलं की भोवतालच्या रेझिनला कुरतडायला मदत करतो. निळ्या, लाल बोटींची अवस्था आणखी वाईट, कारण गडद रंगावर पांढुरकेपणा लगेच दिसतो. पुढच्या काळात रेझिन सुधारली, ऊन शोषणारी रसायनं त्यात आली. १९६० च्या दशकातल्या बोटींच्या नशिबी ते काही नव्हतं.

गंमत अशी की ह्या पांढुरक्या पडलेल्या बोटीकडे अगदी कडेने, डोळा तिच्या अंगाला लावून बघितलं तर ती चमकते. तिरका प्रकाश खडबडीतपणा माफ करतो. म्हणून कारखान्यात चमक मोजायचं यंत्र सहसा ठरावीक ६० अंशांत धरतात, नाहीतर ज्याला जे हवं ते तो सिद्ध करील. आणि पाणी मारलं की तीच बोट दोन मिनिटं नवी कोरी दिसते, कारण पाणी खड्डे भरून काढतं. बाजारात 'लावा आणि चमकवा' म्हणून जे तेलकट द्रव मिळतात त्यांचं रहस्य एवढंच. ते पाणीच आहे, फक्त हळू सुकणारं. विकायच्या आदल्या आठवड्यात बोटीला हे लावतात. सेकंडहँड गाडी घेताना टायर जरा जास्तच काळे दिसले की आपण सावध होतो ना, तसंच इथेही व्हावं.

तर मग खरं पॉलिश म्हणजे काय? मला वाटलं होतं की हे उत्तर शाळेच्या पुस्तकात असेल. प्रत्यक्षात ह्यावर अडीचशे वर्षं भांडण चालू होतं, आणि ह्या लेखाचं निम्मं कारण तेच आहे. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स' मध्ये लिहिलं त्याचा मथितार्थ असा: पॉलिश म्हणजे ओरखडे काढून टाकणं नव्हे, तर ओरखडे इतके बारीक करणं की ते डोळ्याला दिसू नयेत. साधं, रोखठोक. १९०१ च्या सुमारास लॉर्ड रॅले ह्यांनी घासलेली काच पॉलिश होताना सूक्ष्मदर्शकातून पाहिली आणि म्हणाले, असं दिसत नाही. उंचवट्यांची टोकं एकदम सपाट, गुळगुळीत होतात आणि ती सपाटी हळूहळू पसरते. मधली 'थोडी खडबडीत' अवस्था नाहीच. म्हणजे इथे कण नाही, जवळजवळ रेणूच निघत असावेत.

मग आले जॉर्ज बिल्बी. त्यांचं म्हणणं, घासताना पृष्ठभाग चक्क वाहतो. घन पदार्थ असूनही वरचा पातळ थर द्रवासारखा पसरतो आणि खड्डे झाकतो. १९२१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि तो 'बिल्बी थर' पुढची काही दशकं पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला. १९३७ मध्ये केंब्रिजच्या बाउडेन आणि ह्यूज ह्यांनी त्याला कारण पुरवलं: घर्षणाने बिंदूबिंदूवर उष्णता होते आणि तिथला पदार्थ वितळतो. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडला. त्यांनी कापराने धातू पॉलिश केला! आरतीतला कापूर, नखाने खरवडला जाणारा. पण त्यांनी घेतलेला वुड्स मेटल हा मिश्रधातू जवळपास ७० अंशांना वितळतो आणि कापूर १७५ च्या पुढे. म्हणजे कोण कोणाला गुळगुळीत करील हे कठीणपणावर नाही, वितळण्यावर ठरतं. पुढे १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात लिओनार्ड सॅम्युएल्स ह्यांनी धातूंचे पॉलिश केलेले पृष्ठभाग बारकाईने तपासले आणि दाखवलं की तिथे बहुतेक वेळा बारीक ओरखडेच असतात, वाहिलेला थर वगैरे नाही. न्यूटन बरोबर होते, निदान धातूंच्या बाबतीत.

बोटीच्या जेलकोटलाही न्यूटनच लागू पडतो. हे रेझिन एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही. फार तापवलं तर करपतं, पिवळं पडतं, पण वाहत नाही. म्हणून त्याला पॉलिश करायचं म्हणजे कापायचंच. ६०० नंबरच्या पॉलिशपेपरवरचा कण साधारण २५ मायक्रॉनचा, १००० चा १८, २००० चा १०. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे ओरखडे पुसायचे आणि स्वतःचे, आणखी बारीक, सोडायचे. मग कंपाउंडची लुगदी, तिच्यातले कण त्याहून बारीक. दृश्य प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ओरखडे तिच्याहून पुष्कळ उथळ झाले की प्रकाशाला ते जाणवतच नाहीत आणि तो सरळ परत फिरतो. झाली चमक. शेवटी जे मेण लावतात (चांगल्यात ब्राझीलच्या कार्नौबा ताडाचं असतं) ते चमक कमी आणि छत्री जास्त. पुढचं ऊन आधी मेण खातं.

पण कापायचं म्हणजे काय कापायचं? त्या अर्ध्या मिलिमीटरमधलंच. पॉलिश हे व्याज नाही, मुद्दल आहे.

मागच्या वर्षी कामानिमित्त चार महिने प्रॉव्हिडन्सला होतो. ब्रिस्टॉल तिथून गाडीने अर्ध्या तासावर. आमच्या क्लायंटच्या टीममध्ये साठीतला एक गृहस्थ होता, डेटाबेस सांभाळायचा. त्याच्याकडे वडिलांची ट्रायटन आहे, १९६० च्या दशकातली. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्याने मला यार्डात नेलं, पाण्याची बादली आणि १००० नंबरचा कागद हातात दिला आणि टॉवेलाएवढा चौकोन आखून म्हणाला, "एवढा तुझा." तीन तास लागले. खांदे भरून आले. पण चौथ्या तासाला कंपाउंडचा कपडा फिरवल्यावर त्या चौकोनात मला माझा चष्मा दिसला. भोवती सगळी खडूची भिंत आणि मध्ये एक खिडकी.

मग त्याने मला दोन गोष्टी दाखवल्या. आधी आतल्या एका कपाटाचं झाकण उघडलं. आतली बाजू चकचकीत, दुधाळ निळी. तिथे साठ वर्षांत ऊन गेलेलं नाही. ती कारखान्यातून निघाली तेव्हाची निळी होती. बाहेरून आपण ज्याला तिचा रंग समजत होतो तो कोणी निवडलेलाच नव्हता.

दुसरी गोष्ट पुढच्या टोकाला. जिथे दोन्ही बाजू मिळून धार होते तिथे निळ्यातून तपकिरी डाग दिसत होते आणि जवळून पाहिलं तर काचेच्या धाग्यांची वीण. जेलकोट संपला होता. धारेवर आणि कोपऱ्यांवर तो तसाही पातळ बसतो, आणि घासणाऱ्याचा हात नेमका तिथेच जास्त चालतो. "बाबांनी दर दोन-तीन वर्षांनी घासली, मग मी घासली," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी मिळून खाल्ली ती." आता त्याच्यापुढे प्रश्न हा की उरलेल्या अंगावर आणखी किती वेळा घासायचं. पॉलिश केलं तर तो रंग वडिलांनी घेतलेला रंग राहतो, पण कुठे भोक पडेल सांगता येत नाही. वरून दोन भागांचा पॉलियुरेथेन पेंट मारला तर बोट पुढची कितीतरी वर्षं काचेसारखी चमकेल, पण मग जेलकोट कायमचा झाकला गेला. शिवाय हिशेब वेगळाच. बोटीला बाजारात जी किंमत येईल त्यापेक्षा यार्डाचं वर्षाचं भाडं जास्त.

मी विचारलं, विकत का नाही? "घेणार कोण?" एवढंच म्हणाला. त्या उन्हाळ्यात त्याने बाजू पुन्हा एकदा घासल्या. ह्या वर्षी टोकापासून रंग काढतोय. एकाने रोलर फिरवायचा आणि मागोमाग दुसऱ्याने कोरड्या ब्रशच्या टोकाने बुडबुडे पुसत जायचं, अशी दोघांची पद्धत आहे. वडिलांच्या जागी आता मुलगी आहे.

त्याच्या ह्या अडचणीचं मूळ एका चांगल्या गोष्टीत आहे. ह्या बोटी मरत नाहीत. सुरुवातीला कोणालाच ह्या नव्या मालाचा भरवसा नव्हता, म्हणून भिंती भरपूर जाड केल्या. अमेरिकन कोस्ट गार्डने १९५० च्या दशकातल्या आपल्या फायबर बोटींचे तुकडे पुढे तपासले तेव्हा ताकद फारशी घटलेली नव्हती. १९७० आणि ८० च्या दशकांत पाण्याखालच्या भागाला फोड यायची साथ आली आणि मालक हवालदिल झाले. ऱ्होड आयलंड युनिव्हर्सिटीने कोस्ट गार्डसाठी त्यावर अभ्यास केला. जेलकोटमधून पाणी झिरपतं, आतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांना ओढ लागते, आणि दाब वाढून फोड येतो. दिसायला भयंकर, पण त्याने बोट बुडाली असं क्वचितच.

आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचं एक उदाहरण देतो. १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा एकमेव खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' सागवानी, आणि बांधलेली आपल्या मुंबईत. त्याच शर्यतीत दोघांकडे तीस फुटी फायबर बोटी होत्या, दोघांनीही अर्ध्यात सोडली. लाकडाचा विजय म्हणायचा तो. पण ह्या शर्यतीचा नवा अवतार निघाला तेव्हा नियम असा झाला की नेहमीच्या बोटी फायबरच्या आणि १९८८ च्या आधीच्या डिझाइनच्या हव्यात. २०२२-२३ च्या फेरीत आपला अभिलाष टॉमी दुसरा आला तो 'बयानत' नावाच्या रसलर ३६ जातीच्या बोटीवर. काल ज्यांच्यावर विश्वास नव्हता त्या आज जुन्या खानदानी ठरल्या.

पण सगळ्यांना शर्यत मिळत नाही. लाकडी होडी सोडून दिली तर ती कुजते, जाळता येते, मातीत जाते. फायबरची बोट खाडीत सोडली तर ती तिथेच असते. वितळवता येत नाही म्हणून भंगारवाला घेत नाही. फ्रान्सने २०१९ पासून बोटी बनवणाऱ्यांच्या पैशांतूनच जुन्या बोटी गोळा करून मोडायची व्यवस्था उभी केली. बहुतेक देशांत तेवढंही नाही. आणि चमक निर्माण करणाऱ्याचं काय? साच्यात जेलकोटचा फवारा मारणारा माणूस दिवसभर तेच स्टायरीन हुंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ च्या फेरआढाव्यात त्याला 'बहुधा कर्करोगकारक' ह्या गटात टाकलं. अमेरिकेत बोटकारखान्यांच्या धुरावर मर्यादा २००१ मध्ये आल्या, म्हणजे पहिल्या ट्रायटननंतर बेचाळीस वर्षांनी.

घासून निघालेली पूडही कुठेतरी जातेच. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टरच्या खाडीतले कालव आणि शिंपले तपासले तेव्हा त्यांच्या अंगात काचेचे बारीक धागे सापडले. त्या खाडीत हजारो बोटी नांगरलेल्या असतात, त्यांची डागडुजी किनाऱ्यावरच होते. आमच्या यार्डात म्हणूनच कोरडं घासायला बंदी होती. पाणी मारून घासायचं, बोटीखाली ताडपत्री अंथरायची, आणि संध्याकाळी ताडपत्रीवरचा तो निळसर चिखल पिंपात भरून यार्डाच्या माणसाकडे द्यायचा. माझ्या टॉवेलाएवढ्या चौकोनाचा साधारण एक वाटी निघाला.